रोजची 1 जानेवारी

आमच्या घरात गेली नऊ वर्षं रोज सकाळी 1 जानेवारी 2002 उजाडायची. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची. आज कोणता वार, किती वाजले, काही आठवत नाही, असं तो इंग्रजीतून कबूल करायचा आणि तरीही पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा म्हणायचा. मी एफ-वन दाबायची. मग खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बाण नेला की दिसायचं, मंगळवार, 1 जानेवारी 2002, रात्रीचे बारा वाजून तीन मिनिटं. तिकडे मुलुंड पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोचे खांब उभे राहिले. इकडे पूर्वेला, आमच्या तळमजल्यावर, मी पंचेचाळीस वर्षांची, सासूबाई हयात आणि मुलगा दहावीत.

आपले बारा वाजलेत हे तो बिचारा रोज सांगत होता. मलाच कळलं नाही.

मला वाटायचं, वय झालं की विसरायला होतंच. ह्यांना चष्मा सापडत नाही, मला फ्रिज उघडल्यावर कशासाठी उघडला ते आठवत नाही, तसं त्याचं. कारण अगदी साधं होतं, पण ते फार उशिरा समजलं. कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं, एवढीच तिची नोकरी. ती संपली होती. ती बॅटरी मी कितीदा पाहिली होती! तिच्यावर 2032 असा आकडा छापलेला. मी समजत होते की ही 2032 सालापर्यंत चालणार, तेव्हा तिच्याकडे बघायची गरज नाही. त्यातले 20 म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी, हे दुरुस्तीवाल्या मुलाने सांगितलं. "चाळीस रुपयांचं काम होतं, काकू," असंही म्हणाला. अर्थात ते आधी कळलं असतं तरी मी बॅटरी बदलली असती का, शंका आहे. रोज सकाळी चहाबरोबर चार मिनिटं पंचेचाळीस वर्षांचं होता येत असेल, तर चाळीस रुपये खर्च करून अडुसष्टचं कोण होईल?

गेल्या श्रावणात तो गेला. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस टाइप करायची होती. बटण दाबलं, पंखा घुं करून फिरला, थांबला, पुन्हा अर्धा वेढा फिरला आणि जळक्या दुधासारखा वास आला. मी गॅस बघायला धावले. ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "काय करपलं?" स्वयंपाकघरात सगळं शांत होतं.

खरं म्हणजे मी कॉम्प्युटरच्या विरोधात घोषणा दिलेली बाई. 1977 साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागले. पुढची काही वर्षं 'यंत्र आलं की माणूस गेला' हे आमचं ठाम मत होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा भरभर संपवून आम्ही बिल्ले लावून शाखेच्या दारात उभ्या राहायचो. 1983 साली युनियन आणि बँकांची व्यवस्थापनं यांच्यात करार झाला आणि यंत्रं मोजूनमापून शाखांत यायला लागली. आमच्याकडे खातेवह्यांच्या नोंदी करणारं एएलपीएम नावाचं धूड आलं. त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली आणि एसी बसवला. आम्ही बावीस माणसं चार पंख्यांखाली, आणि ते एकटं गारव्याला. ते यंत्र चालवणाऱ्याला वेगळा भत्ता मिळणार असं ठरलं, तेव्हा ज्या व्यक्तीने विरोधात सर्वांत मोठ्या आवाजात घोषणा दिल्या होत्या तिनेच पहिला अर्ज केला. नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे.

2001 मध्ये बँकांची स्वेच्छानिवृत्ती आली. देशभरात लाखभर लोकांनी ती घेतली, त्यात मीही. हातात एकरकमी पैसे आणि समोर रिकामी दुपार. मुलाने बरोबर हेरलं. "आई, मला अभ्यासाला लागेल आणि तुला हिशेबाला." घरात कॉम्प्युटर आणणाऱ्या प्रत्येक मुलाने त्या काळी हेच वाक्य उच्चारलेलं आहे आणि त्यातला एकही पुढे त्यावर अभ्यास करताना दिसलेला नाही.

तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. मार्च 2002 मध्ये आम्ही तिघं गेलो. ह्यांनी वहीत यादी केली होती, पेन्टियम फोर, 128 एमबी रॅम, 40 जीबी हार्ड डिस्क, पंधरा इंची मॉनिटर. ह्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ ह्यांना ठाऊक नव्हता, पण दादरला साडी घेताना मी जशी काठ उलटून मागची बाजू बघते तसे हे प्रत्येक खोकं उलटून बघत होते. तीन दुकानं हिंडून 36,500 ला सौदा झाला. स्पीकर 'फ्री', माऊसखालचं पॅड 'फ्री', आणि स्केच पेनाने नाव घातलेल्या दोन सीड्या, त्यांच्याबद्दल आपण नको बोलूया.

टॅक्सीचे पैसे वाचवायचे म्हणून आम्ही तो सगळा संसार लोकलने आणला. ग्रँट रोडहून दादर, मग दादरचा पूल, मग मध्य रेल्वे. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे पाठीला पोक असलेलं बारा-तेरा किलोंचं प्रकरण. तो मुलाच्या कवेत, सीपीयू ह्यांच्या कवेत, आणि मी पुढे 'सरका हो, काच आहे' करत. मालडब्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी जागा मिळाली. एक मावशी विक्रोळीपर्यंत त्या खोक्याला टेकून छान झोपल्या. घरी आल्यावर पहिले आठ दिवस विंडोज उघडलं की बोंबलांचा वास यायचा.

विंडोज एक्सपी तेव्हा अगदी नवं होतं. पडद्यावर ती प्रसिद्ध हिरवी टेकडी, वर निळं आभाळ, कापसासारखे ढग. सासूबाई म्हणाल्या, "श्रावणात आमच्या जुन्नरच्या बाजूला अस्संच असतं." ती टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमाची, आणि तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या माणसाने 1996 साली काढलेला, हे मी पुढे कुठेतरी वाचलं. तोवर सासूबाई जुन्नरची टेकडी बघत बघतच गेल्या होत्या. त्यांना पाहुण्यांपुढे तो पडदा दाखवायला फार आवडायचं. कॉम्प्युटर बंद असला की त्यावर मी माझ्या जुन्या व्यंकटगिरीचं शिवलेलं झालरीचं कव्हर असायचं. सीपीयूला वेगळं, कीबोर्डला वेगळं. सुरुवातीला चपला काढून त्याच्यासमोर बसायचं असा नियम होता. घरात आधीच चपला काढलेल्या असत, तरी नियम होता.

आणि 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. हे ऑफिसातच अडकलेले. आमच्या सोसायटीच्या आवारात पाणी शिरलं, ते बघता बघता पायरीला लागलं. मुलाने आणि मी पहिल्यांदा काय उचललं असेल? सीपीयू. तो कपाटावर चढवला. मग मॉनिटर डायनिंग टेबलावर. मग प्रिंटर, मग स्टॅबिलायझर. खाटेवर पाय वर घेऊन बसलेल्या सासूबाई हे सगळं बघत होत्या. शेवटी शांतपणे म्हणाल्या, "माझा नंबर कितवा?"

पाणी उंबऱ्याशी आलं आणि थांबलं. पण त्यानंतर त्या आठ-दहा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, आल्यागेल्याला ती गोष्ट सांगत होत्या.

ही सगळी त्याच्या उमेदीच्या काळातली कौतुकं. मला खरं सांगायचंय ते उतारवयातलं. मुलगा शिकून पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला, त्याचा लॅपटॉप आला, ह्यांच्या हातात स्मार्टफोन आला. 2014च्या एप्रिलमध्ये एक्सपीची देखभाल बंद झाली, तेव्हा मुलाने फोन करून बजावलं, "आई, आता ह्याला नेटला जोडू नकोस." मी वायर काढली. बाहेरचं वारं तुटलेला तो कॉम्प्युटर मग माझा एकटीचा झाला. सोसायटीची इतिवृत्तं, भजनी मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, हळदीकुंकवाची यादी, आईच्या पाककृती आणि सॉलिटेअर. आणि तेव्हापासून त्याच्या खोड्या सुरू झाल्या.

चालू करायचा तर एक क्रम होता. आधी स्टॅबिलायझर. मग यूपीएस, तो तीनदा ओरडतो, चौथ्यांदा ओरडायचा विचार करतो आणि गप्प बसतो. तो विचार करत असताना मॉनिटर लावायचा. सीपीयूचं बटण अंगठ्याने दाबलं तर आत जाऊन बसायचं आणि मग टाचणीने उपसावं लागायचं, म्हणून ते करंगळीने, वरच्या कडेला, हलकेच. पडदा तांबूस आला तर मॉनिटरच्या डाव्या गालावर एक चापट. जोरात नव्हे, नातवंडाला लावतो तशी. निळा रंग परत यायचा. माऊस अडखळला की उलटा करून त्याच्या पोटातली गोळी काढायची आणि आतल्या रुळांवरची कळकट वळकटी नखाने सोलायची. माझ्या आयुष्यात इतकं समाधान देणारी कामं फारशी नाहीत. जुलै लागला, मिठागरांवरून खारट दमट वारा यायला लागला, की तो सुरू व्हायच्या ऐवजी नुसता ओरडायचा. म्हणजे रॅमला ओल लागली. मग बाजूचं झाकण उघडून रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कडा नटराजच्या खोडरबराने घासायची, फुंकर न मारता मऊ फडक्याने पुसायची आणि पुन्हा खटकन बसवायची. फुंकरीत ओलावा असतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. ह्यांचा पाना, माझी कात्री, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर, अशा क्रमाने हळदकुंकू आणि झेंडू. एका वर्षी झेंडूची पाकळी पंख्याने आत ओढून घेतली आणि तुळशीच्या लग्नापर्यंत आतून फडफड ऐकू येत होती. त्यानंतर फूल वाहायचं ते कीबोर्डवर, असा धर्मशास्त्रात बदल केला.

मुलगा दिवाळीला यायचा. दिवसभर अमेरिकेतल्या बँकांचे सर्व्हर सांभाळणारा माणूस, पण आमच्या कॉम्प्युटरपुढे बसला की पाच मिनिटांत हाक यायची, "आई, हा चालू होत नाहीये गं." मी कणकेच्या हाताने जायची. करंगळी, चापट, एफ-वन. टेकडी दिसायची. सून म्हणायची, "आई, तुम्ही ग्रेट आहात." मी कणीक मळायला परत जायची, पण त्या दिवशीच्या पोळ्या जरा जास्त फुगायच्या.

आता उलगडा होतो तो असा, की मला कॉम्प्युटर येतच नाही. मला तो कॉम्प्युटर येत होता. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरपुढे बसवलं असतं तर मी त्याला चापट मारली असती. उपनगरात राहणाऱ्या माणसाकडे अशी एका जागेपुरती विद्या पुष्कळ असते. कुठल्या गाडीचा कितवा डबा मुलुंडला बरोबर जिन्यासमोर लागतो, हे मला चोवीस वर्षं तोंडपाठ होतं. नवा पूल झाला की ती पदवी रद्द. आमच्या बाथरूमचा नळ पूर्ण बंद करून मग पाव वेढा उलटा सोडला तरच गळायचा थांबतो, हे फक्त ह्यांना माहीत आहे आणि त्याचा ह्यांना जो अभिमान आहे तो मी अजून मोडलेला नाही. ही विद्या कुठे लिहिलेली नसते, कोणाला शिकवता येत नाही, आणि वस्तू गेली की सुतकासुद्धा न थांबता आपणही अडाणी.

दुरुस्तीला आलेला मुलगा बाविशीचा असेल. म्हणजे तो आणि कॉम्प्युटर एका वयाचे. त्याने झाकण काढलं आणि मागे सरकला. आत धुळीची गादी, त्या गादीवर पाकळी (तीच!), एक टिकली, आणि वीजपुरवठ्याच्या डब्यात पालीचा वाळलेला सांगाडा, अगदी संग्रहालयात ठेवण्यासारखा. मग त्याने मोबाइलचा उजेड मारून मदरबोर्ड दाखवला. छोटी छोटी नळकांडी उभी होती, त्यांची डोकी सपाट असायला हवीत, ती टम्म फुगलेली. एकातून तपकिरी काहीतरी ओघळलेलं. ही म्हणे कपॅसिटर. 2000 सालाच्या आगेमागे बनलेल्या कितीतरी बोर्डांवर असली निकृष्ट द्रावाची कपॅसिटर बसली होती. बहुतेकांची दोन-चार वर्षांत फुगून फुटली. "तुमची बावीस वर्षं टिकली कशी, काकू?"

काय सांगणार? चापट मारत होते म्हणून?

"मदरबोर्ड गेला," तो म्हणाला. "ह्या जातीचा आता लॅमिंग्टन रोडलाही मिळणार नाही."

संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या. "गेला म्हणे?" हो म्हटलं. "काही हाल नाही ना झाले?" नाही, सकाळी बसल्या बसल्याच. "सुटला," म्हणाल्या आणि नोटीस आता हाताने लिहिणार का, ते विचारून गेल्या.

हार्ड डिस्क मात्र जिवंत होती. तिला जोडायचा तो 40 पिनांचा चपटा राखाडी पट्टा बघून त्या मुलाने विचारलं, "हा कसला बेल्ट?" त्याच्या दुकानाच्या मालकांनी ड्रॉवरच्या तळातून एक जोडणी शोधून काढली आणि सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. 40 जीबीपैकी मी बावीस वर्षांत वापरले होते 7. सरकारी बँकेत स्टेशनरी जपून वापरायची लागलेली सवय. आणि गेल्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक फाइलवर तारीख एकच. त्या नोंदीनुसार आमच्या सोसायटीने 1 जानेवारी 2002 या एकाच दिवशी चाळीसेक सभा घेतल्या, गच्चीची गळती तीनदा काढली, पाच वॉचमन बदलले आणि पार्किंगवरून झालेलं भांडण सुरू होण्याआधीच मिटवलं.

मुलाने पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला. मी पेनड्राइव्ह लावला, आईच्या गोड्या मसाल्याची फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. अर्धविराम, डॉलरची चिन्हं, मधेच एखादा भला मोठा के. मराठीचा एक शब्द नाही.

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. शिवाजी, किरण, श्रीलिपी, आकृती, असे किती तरी फाँट होते आणि प्रत्येकाची सोय वेगळी. कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच; फाँटने त्याच्यावर मराठीचं चित्र चिकटवलेलं. आमची मराठी अक्षरं म्हणजे लोकलमधली चौथी सीट. बाकावर हक्क इंग्रजीचा, आपण कडेला एक मांडी टेकवून बसायचं आणि तोच फाँट आहे तोवर पडायचं नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्वतःच्या 128 जागा आहेत, पण त्या रिझर्व्हेशनचा पत्ता आम्हा घरगुती टायपिस्टांना लागेपर्यंत माझी सहा-सात वर्षं चौथ्या सीटवर गेली होती, आणि मग हातच तसा बसला.

त्या भेळेत आकडे मात्र शाबूत होते. आकड्यांच्या जागी आकडेच ठेवलेले असतात ना. त्यामुळे आईचा मसाला असा दिसत होता: अगम्य, मग 1, अगम्य, मग 250, पुन्हा 250, 50, 50, 25, आणि शेवटी, एका लांबलचक गचाळ ओळीच्या मधोमध, 10. प्रमाण सगळं आहे, जिन्नस एकही नाही. आई 2008 मध्ये गेली. हा मसाला तिने मला समोर बसून सांगितला होता आणि मी 'हळू सांग गं' करत एकेका बोटाने टाइप केला होता.

डोंबिवलीच्या बहिणीला फोन लावला. 1 म्हणजे धने, किलोभर, ह्यावर एकमत झालं. 250 तीळ आणि 250 सुकं खोबरं, हेही. 50 वर पहिली चकमक. मी म्हटलं जिरं, ती म्हणाली दगडफूल, शेवटी 50 दोन आहेत म्हणून दोघींचं जमलं. 25 ला लवंग की दालचिनी ह्यात पाऊण तास. 10 हे नागकेशर असणार, असं मी म्हटलं मात्र, ती उसळलीच. "आई नागकेशर घालायचीच नाही. ते तुझ्या सासरचं. ते 10 ग्रॅम जायपत्री आहे." मग तिने 1987 सालचं काहीतरी काढलं, मी 1991 सालचं, आणि दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुलाने फोनवरून मार्ग दाखवला. जुन्या डिस्कमधल्या फाँटच्या खणात तो आमचा फाँट जसाच्या तसा निजलेला होता. तो लॅपटॉपवर चढवला आणि भेळेची एकदम मराठी झाली. मी थेट शेवटच्या ओळीवर गेले. तिथे जिन्नस नव्हताच. आईने सांगितलेलं मी इमानाने सगळंच टाइप केलं होतं: डंकवाला 10 वाजता येतो, आधी जाऊन उभं राहू नये.

बहिणीला फोन करून ते वाचून दाखवलं. दोघी इतक्या हसलो की तिच्याकडे जावई काय झालं ते बघायला आला.

इतिवृत्तांच्या बाबतीत मात्र मी जरा घाई केली असं वाटतं. भेळेच्या अवस्थेत ती उत्तम वाचनीय होती. 45,000, 12,500, 3 विरुद्ध 9, एवढंच काय ते उरलेलं. कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं धुऊन निघालेलं. आता पुन्हा मराठी झाली आणि सगळी माणसं पुन्हा एकमेकांवर ओरडायला लागली. काही फाइली मुलाने कुठल्याशा यंत्रणेने युनिकोडमध्ये बदलून दिल्या. त्या यंत्रणेला मराठीचा अर्धा र झेपला नाही आणि आमच्या माजी कार्याध्यक्षांचे काऱ्याध्यक्ष झाले. ते मी दुरुस्त केलेलं नाही. त्यांच्या कारकिर्दीचं वर्णन म्हणून ते ठीकच आहे.

राहता राहिला देह. रद्दीवाल्याने सीपीयू हातात तोलून दोनशे रुपये देऊ केले. मॉनिटरचं नाव काढताच तो तराजू उचलून फाटकापर्यंत गेलाच. त्या जाड काचेत शिसं असतं, तो फोडून कोणाला काही मिळत नाही आणि फोडणाऱ्याला बाधतं. घरोघरच्या अशा कचऱ्यासाठी देशात 2012 पासून नियम आहेत. शेवटी ई-कचरा गोळा करणाऱ्या गाडीला फोन करून दोन्ही दिली. दोनशे रुपये बुडाले म्हणून हे दोन दिवस हळहळले. उरली ती व्यंकटगिरीची कव्हरं. मॉनिटरचं आता फूड प्रोसेसरला घालते. पोक जिथे होतं तिथे ते जरा लोंबतं.

लॅपटॉप बरा आहे हो. झाकण उघडलं की दहा सेकंदांत हजर. क्रम नाही, ओरडणं नाही, एफ-वन नाही. तारीख त्याला माझ्यापेक्षा जास्त पक्की, चतुर्थी सोडून सगळं सांगतो. पहिला महिनाभर मी त्याच्यासमोर नव्या सुनेच्या घरी गेल्यासारखी बसायची, हात मांडीवर ठेवून, काही मदत लागली तर सांग म्हणत. त्याला कधी काही लागायचंच नाही. नोटिसा टाइप होत, इतिवृत्तं होत, आणि मी लवकर उठून जायची.

मागच्या पंधरवड्यात मात्र चार्ज होईना. वायर बदलून पाहिली, भिंतीवरचं बटण बदलून पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की पिन आत घातल्यावर जरा डावीकडे वळवायची आणि खालून बोटभर टेका द्यायचा, की दिवा लागतो. हात फार वेळ धरवत नाही, म्हणून लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा चौघडी घालून खाली सरकवला. पत्रिका साधी चालत नाही, गणपतीचा सोनेरी ठसा असलेली बाजूच लागते. तिथे कागद नेमका हवा तेवढा जाड आहे.

रविवारी मुलाचा फोन आला. "लॅपटॉप नीट चालतोय ना? वॉरंटी मार्चपर्यंत आहे, काही असेल तर आत्ताच सांग."

"छे रे, उत्तम चाललाय."

फोन ठेवला तोवर बाहेरच्या खोलीतून ह्यांची हाक आली, "अगं, हा चार्ज होत नाहीये."

"हात लावू नका," मी म्हटलं आणि पदराला हात पुसत उठले.